लिनक्सवर डॉकएक्स, ओडीटी अन् एक्सएमएल फाईल उघडायची कशी – गावाकडच्या नवीन लॅपटॉपवाल्यांसाठी

जुन्या लॅपटॉपवर कोणी लिनक्स टाकून दिलं की पहिल्याच आठवड्यात एक अडचण हमखास येते, ती म्हणजे फाईल उघडत नाही. ग्रामपंचायतीतून व्हॉट्सॲपवर डॉकएक्स आली, शाळेतून एक्सएलएसएक्स आली, कृषी केंद्राच्या हिशोबवाल्यानं टॅलीतून काढलेली एक्सएमएल मेलवर टाकली, आणि आपण डबल क्लिक केलं तर कधी भलत्याच प्रोग्राममध्ये उघडते, कधी नुसते चौकोन दिसतात, कधी सगळी इंग्रजीची खिचडी. मग म्हणतात, विंडोजच बरं होतं बा. तर थांबा थोडं. बहुतेक वेळा लॅपटॉप पण चांगला असते अन् फाईल पण चांगली असते, फक्त आतमध्ये काय आहे ते न पाहता आपण उघडायला जातो.

मी इथं लिनक्स मिंट धरून सांगतोय कारण आपल्याकडं जुन्या मशीनवर पोट्टे जास्त करून तेच टाकून देतात. उबुंटू असलं तरी फरक लय नाही, मेनूची नावं थोडी इकडंतिकडं.

आधी फाईल कोणत्या जातीची ते पहा

एक्सएमएल म्हणजे साधा मजकूर, त्यात कोनी कंसामध्ये खुणा टाकलेल्या असतात की हे नाव, हा पत्ता, हा परिच्छेद, हा तक्ता. १९९८ पासून हे ठरलेलं आहे आणि साधा मजकूर असल्यामुळं कोणत्याही एडिटरमध्ये वाचता येतो, ही त्याची मोठी सोय. पण आपल्यापर्यंत तो दोन रूपात येतो आणि इथंच नवीन माणूस गोंधळतो.

पहिलं रूप उघडं. फाईलच्या नावाच्या शेवटी एक्सएमएल, केएमएल, एसव्हीजी असं काही असते, एडिटरमध्ये टाकली की सरळ वाचता येते.

दुसरं रूप गाठोड्याचं. डॉकएक्स, एक्सएलएसएक्स, पीपीटीएक्स, तसंच लिब्रेऑफिसच्या (वर्ड-एक्सेलसारखं लिनक्सवरचं फुकट पॅकेज) ओडीटी, ओडीएस, आणि पुस्तकांची ईपब, ह्या सगळ्या खरं म्हणजे झिप फाईली आहेत. आतमध्ये पाच-पंचवीस छोट्या एक्सएमएल, फोटो वगैरे बांधून ठेवलेले असतात. म्हणून डॉकएक्स साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली की सुरुवातीला पी आणि के ही दोन अक्षरं दिसतात आणि पुढं सगळा कचरा. ते पीके म्हणजे फिल कॅट्झ, १९८९ मध्ये झिप काढणारा माणूस, त्याच्या नावाची अक्षरं अजून जगातल्या प्रत्येक डॉकएक्सच्या डोक्यावर आहेत. तर पीके दिसलं म्हणजे फाईल खराब नाही, उलट चांगली खूण आहे, फक्त तुम्ही चुकीच्या प्रोग्राममध्ये उघडली.

आणि जुनी डॉक, म्हणजे शेवटी एक्स नसलेली, ती यात बसत नाही. ती २००७ च्या आधीच्या वर्डची पद्धत, तिच्यात एक्सएमएल नाही. लिब्रेऑफिस ती पण उघडते, पण खाली सांगितलेले आत शिरायचे उपाय तिला चालणार नाहीत.

नावावर भरवसा ठेवायचा नाही हे मात्र लक्षात असू द्या. काही पोर्टलवरून एक्सएलएस म्हणून उतरलेली फाईल आतून वेबपेजचा तक्ता निघते, आणि फोनवरून आलेल्या डॉकएक्सचं शेपूट, म्हणजे नावातला टिंबानंतरचा भाग, कधी कधी झिप झालेलं असते. खरी जात पाहायची तर टर्मिनल, म्हणजे कमांड टाईप करायची खिडकी, उघडा, त्यात इंग्रजी छोट्या अक्षरात फाईल (file) हा एकच शब्द टाईप करा, एक स्पेस द्या, मग फोल्डरमधून ती फाईल माऊसनी ओढून टर्मिनलच्या खिडकीत सोडा, पत्ता आपोआप येते, एंटर मारा. तो सरळ सांगते की ही वर्ड २००७ नंतरची आहे, की ओपनडॉक्युमेंट आहे, की एक्सएमएल आहे, की एचटीएमएल आहे. टर्मिनलला घाबरायचं काम नाही, ही कमांड फक्त पाहते, काही पुसत-बिसत नाही. शेपूट चुकलेलं निघालं तर फाईलवर राईट क्लिक करून रिनेम करा आणि शेवटी इंग्रजीत डॉकएक्स (.docx) लिहा, बस.

नेहमीचं काम: लिब्रेऑफिसमध्ये उघडणं

मिंटमध्ये लिब्रेऑफिस आधीच असते. उबुंटूच्या नवीन आवृत्त्यांमध्ये मात्र टाकताना छोटा पर्याय निवडला तर ते येत नाही, मग सॉफ्टवेअरच्या दुकानातून घ्यावं लागते, आणि ते काही शे एमबीचं असते, तर हॉटस्पॉटवर दिवसाचा दीड जीबीवाला प्लॅन असेल तर रिचार्ज पाहून डाउनलोडला लावा.

आता फाईलवर राईट क्लिक, ओपन विथ, त्यात लिब्रेऑफिस रायटर. तक्ता असेल तर कॅल्क. दर वेळी हे करायचं नसेल तर राईट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये जा, तिथं ओपन विथचा टॅब आहे, रायटर निवडून डिफॉल्ट करा. पुढच्या वेळेपासून डबल क्लिकच पुरे.

इथं एक गोष्ट आपल्याकडं फार होते. फाईल उघडी आहे, अर्धा ठराव टाईप झाला, आणि लाईन गेली. लॅपटॉपची बॅटरी तर आधीच मेलेली. लाईन आली, परत उघडायला गेलो तर म्हणते की ही फाईल दुसऱ्या कोणी उघडून ठेवली आहे, अन् नाव आपलंच दाखवते! घाबरू नका. लिब्रेऑफिस फाईल उघडली की त्याच फोल्डरमध्ये एक छोटी लपलेली फाईल ठेवते, खूण म्हणून, आणि नीट बंद केलं की ती काढून घेते. लाईन गेली तर ती तशीच राहून जाते. लिब्रेऑफिस पूर्ण बंद करा, फोल्डरमध्ये कंट्रोल आणि एच दाबा, लपलेल्या फाईली दिसतील, त्यात टिंबापासून सुरू होणारी आणि नावात लॉक असलेली आहे ती डिलीट करा, तुमची खरी फाईल नाही, ती शेजारची. लिब्रेऑफिस सुरू होताना रिकव्हरीचं विचारलं तर हो म्हणा, बराचसा मजकूर परत मिळते. आणि टूल्स, ऑप्शन्स, लोड-सेव्ह, जनरल इथं ऑटोरिकव्हरीची वेळ असते ती दोन-तीन मिनिटावर आणून ठेवा, पावसाळ्यात तर ठेवाच.

मराठी दिसत नाही, हा सगळ्यात मोठा घोळ

यात तीन वेगवेगळे रोग आहेत आणि लोक तिन्हीला एकच औषध लावतात, म्हणून गुण येत नाही.

चौकोन दिसत असतील तर मजकूर युनिकोड आहे, म्हणजे फाईलमध्ये मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवलेलं आहे, फक्त देवनागरीचा फॉन्ट मशीनवर नाही. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये नोटो किंवा लोहित देवनागरी शोधा, टाका, लिब्रेऑफिस बंद करून परत उघडा. हा सगळ्यात सोपा.

मराठी दिसते पण मांडणी हलली, दोन पानांचा अर्ज अडीच पानांवर गेला, सहीची जागा पुढच्या पानावर, तर ज्या फॉन्टमध्ये लिहिलं तो तुमच्याकडं नाही म्हणून लिब्रेऑफिसनी दुसरा लावला. फॉन्टच्या डब्यात नाव तिरक्या अक्षरात दिसलं म्हणजे समजायचं की फॉन्ट गायब आहे. मंगल हा विंडोजसोबत येते, लिनक्ससोबत नाही. इंग्रजीपुरतं बोलायचं तर कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो आणि केंब्रियाच्या जागी कॅलाडिया हे फुकट फॉन्ट टाका, त्यांची अक्षरं रुंदीला तंतोतंत तेवढीच आहेत, ओळ तुटत नाही. एरियल आणि टाईम्सची जोडी म्हणून लिबरेशनचे फॉन्ट बहुतेक आधीच असतात. मराठीला असं तंतोतंत जुळणारं जोडीदार सापडणं कठीण, तर ज्यांनी पाठवली त्यांनाच पीडीएफ मागा, सरळ मार्ग तोच.

तिसरा रोग खरा त्रासाचा. सगळा मजकूर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, मधेच कंस, मधेच स्वल्पविराम, आकडे. ही फाईल कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी असल्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली असते. आपल्याकडच्या टायपिंगवाल्यांकडं, झेरॉक्सच्या दुकानात, लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडं हे फॉन्ट अजून जोरात चालतात. त्यात होते काय, की फाईलमध्ये मराठी अक्षर साठवलेलंच नसते, इंग्रजी अक्षराचा कोड साठवलेला असते आणि फॉन्ट त्याच्यावर मराठीचं चित्र काढते. फॉन्ट नाही तर चित्र नाही. तपासायचं असेल तर डॉकएक्सचं गाठोडं उघडून आतली डॉक्युमेंट एक्सएमएल पहा (कसं ते पुढं सांगतो), आतमध्ये पण तुम्हाला इंग्रजी खिचडीच सापडेल. युनिकोडवाल्या फाईलमध्ये मात्र तिथं चांगली मराठी वाचता येते.

यावर उपाय दोन. एक, पाठवणाऱ्याकडून तो फॉन्ट मागा, आलेल्या फॉन्ट फाईलवर डबल क्लिक केलं की एक खिडकी उघडते, तिच्यात इन्स्टॉल दाबा, लिब्रेऑफिस परत सुरू करा. दोन, मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या, त्यासाठीचे कन्व्हर्टर मिळतात, फक्त फॉन्टचं बरोबर नाव माहीत पायजे, कृतिदेवचा कन्व्हर्टर शिवाजीला चालत नाही. बदलल्यावर र्‍ह, ट्र, रफार, पहिली वेलांटी हे एकदा डोळ्याखालून घाला, तिथंच गडबड होते. माझं म्हणाल तर दुसरा उपाय करा, एकदाच त्रास होते पण मग ती फाईल शोधता येते, फोनवर वाचता येते, दहा वर्षांनी पण उघडते. सोसायटीचे जुने ठराव असे अडकून पडलेले असतील तर पोरांकडून उन्हाळ्याच्या सुटीत करून घ्यायचं काम आहे ते.

गाठोडं सोडून आत पाहणं

हे काहून करायचं? तर तीन कामासाठी. फाईल बिघडली, लिब्रेऑफिस म्हणते रिपेअर करू का आणि मग तरी उघडत नाही. किंवा फाईलमध्ये फोटो आहेत ते मूळ आकारात पाहिजेत. किंवा वरची फॉन्टची तपासणी.

फाईलची आधी एक कॉपी करा, मूळ फाईलला हात लावायचा नाही. कॉपीवर राईट क्लिक, ओपन विथ, आर्काईव्ह मॅनेजर. यादीत दिसलं नाही तर अदर ॲप्लिकेशनमध्ये शोधा. तरीबी नाही जमलं तर कॉपीचं शेपूट बदलून झिप करा, मग तर उघडतेच. आता एक्स्ट्रॅक्ट करून वेगळ्या फोल्डरमध्ये काढा. आतल्या आत क्लिक करून उघडू नका, तशी उघडलेली फाईल लपलेल्या फोल्डरमध्ये जाते, उबुंटूवरचा फायरफॉक्स तिथल्या फाईली वाचू शकत नाही आणि मग फाईल सापडत नाही असं ओरडते.

डॉकएक्समध्ये वर्ड नावाचं फोल्डर असते, त्यात डॉक्युमेंट एक्सएमएल, तीच तुमचा मजकूर. त्याच फोल्डरमध्ये मीडिया नावाचं फोल्डर, त्यात सगळे फोटो. पंचनाम्याचे फोटो कोणी वर्डमध्ये चिकटवून पाठवले आणि तुम्हाला वेगळे अपलोड करायचे आहेत, तर स्क्रीनशॉट काढत बसू नका, इथून उचला. ओडीटीमध्ये मजकूर कंटेंट एक्सएमएलमध्ये असते आणि फोटो पिक्चर्स फोल्डरमध्ये. एक्सएलएसएक्समध्ये थोडी गंमत आहे, आकडे वर्कशीट्सच्या फाईलीत असतात पण शब्द बहुतेक एका वेगळ्या सामायिक फाईलीत आणि तक्त्यात फक्त त्यांचा नंबर, त्यामुळं हातानं वाचणं कंटाळवाणं, ते सोडाच.

पासवर्ड लावलेली डॉकएक्स आर्काईव्ह मॅनेजरमध्ये उघडणार नाही, कारण पासवर्ड लागला की ती झिप राहतच नाही, आतून दुसरीच पेटी होते. ती लिब्रेऑफिसमध्येच उघडा, पासवर्ड विचारते.

उघडी एक्सएमएल वाचायची

एडिटरमध्ये टाकली तर कधी कधी सगळी फाईल एकाच लांबलचक ओळीत असते, डोकं फिरते. त्यापेक्षा राईट क्लिक करून फायरफॉक्समध्ये उघडा. वर एक सूचना येते की या फाईलला स्टाईल नाही, झाडासारखी रचना खाली दाखवली आहे. ती चूक नाही, दुर्लक्ष करा. खाली नीट पायऱ्या-पायऱ्यांनी मजकूर दिसते, बाजूच्या खुणेवर क्लिक करून भाग मिटवता-उघडता येते, आणि कंट्रोल एफनी शोधता येते. नेट लागत नाही, फाईल मशीनवरच राहते.

पार्सिंग एरर आली, म्हणजे फायरफॉक्सला फाईलची रचना वाचता आली नाही, तर खाली ओळीचा आणि कॉलमचा नंबर लिहिलेला असते, तो वाचा. शेवटच्या ओळीवर एरर असेल तर डाउनलोड अर्धवट राहिली, परत उतरवा. मधेच असेल तर बरेचदा गुन्हेगार एकच असते, & ही खूण. दुकानाच्या नावात ॲण्ड सन्स लिहिताना ती खूण सरळ टाकली की एक्सएमएल मोडते, कारण त्या खुणेला तिथं खास अर्थ आहे. कॉपीमध्ये ती खूण काढून ॲण्ड लिहा, पहा उघडते.

हजार नोंदींचा तक्ता असलेली एक्सएमएल असेल तर कॅल्कमध्ये डेटा मेनूत एक्सएमएल सोर्स आहे, तिथं फाईल निवडा, डाव्या बाजूला रचना दिसते, जे वारंवार येते ते निवडून एका घराशी जोडा आणि इम्पोर्ट करा. टॅलीच्या गुंतागुंतीच्या फाईलीवर हे नेहमीच जमेल असं नाही, हिशोबवाल्याला सरळ एक्सेलमध्येच काढून द्या म्हणणं बरं. फाईलीच्या वरच्या दोन-तीन ओळीत वर्ड किंवा एक्सेलचं नाव दिसलं तर मात्र ती ऑफिस २००३ वाली एक्सएमएल, ती रायटर नाहीतर कॅल्कमध्ये सरळ उघडा.

आधारची एक्सएमएल

ऑफलाईन ईकेवायसीची, म्हणजे आधारवरून ओळख पटवायची, जी फाईल असते ती झिपमध्ये येते, आणि पासवर्ड म्हणजे उतरवताना तुम्हीच टाकलेला चार अक्षरांचा शेअर कोड. ईआधारच्या पीडीएफचा पासवर्ड, नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मवर्षवाला, तो इथं चालत नाही, दोन्ही गोष्टी लोक हमखास मिसळतात. आर्काईव्ह मॅनेजर पासवर्ड बरोबर असून पण नाही म्हणत असेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून सेव्हनझिप टाकून पहा, काही कुलुपं साध्या अनझिपला येत नाहीत.

आत नाव, जन्मतारीख, पत्ता वाचता येते. पूर्ण आधार नंबर त्यात नसते, फक्त शेवटचे चार आकडे रेफरन्स नंबरच्या सुरुवातीला. मधे एक भलीमोठी अक्षरांची लादी दिसते, तो तुमचा फोटो आहे, अक्षरांमध्ये रूपांतर केलेला. मोबाईल नंबर आणि मेल पण असेच गुंडाळलेले, वाचता येत नाहीत.

दोन गोष्टी सक्त. एक, एडिटरमध्ये उघडून सेव्ह करू नका, फाईलला डिजिटल सही आहे, तुम्ही ओळी नीट करायला म्हणून एंटर मारलं तरी सही तुटते आणि समोरचा फाईल नाकारते. दोन, एक्सएमएल टू पीडीएफ करून देतो म्हणणाऱ्या कोणत्याबी साईटवर ही फाईल चढवू नका. सेवा केंद्रावर गर्दी आहे, घाईत आहोत, समजते मला, पण दुसऱ्याच्या घरचा पत्ता अन् फोटो आहे तो. फायरफॉक्समध्ये उघडून प्रिंट टू फाईल केलं तरी पीडीएफ निघते.

परत पाठवताना

डॉकएक्समध्ये बदल करून सेव्ह केलं की लिब्रेऑफिस विचारते, हाच फॉरमॅट ठेवू की ओडीएफ, म्हणजे ओडीटीवाला. समोरच्याला वर्डमध्ये उघडायची असेल तर वर्डचा फॉरमॅट ठेवा. स्वतःकडं ओडीटी ठेवा, ती लिब्रेऑफिसची घरची भाषा, २००६ पासून आयएसओचं मानक आहे, मांडणी हलत नाही. आणि तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडं प्रिंट काढायला जाणार असाल तर पीडीएफच न्या, डॉकएक्स पेनड्राईव्हवर नेली तर त्याच्या मशीनवर तिसरंच काही दिसेल आणि तीस किलोमीटर एसटीनं परत यावं लागेल.

शेताची केएमएल

हे शेवटी कारण सगळ्यांना लागत नाही, पण मोजणीवाला किंवा ड्रोनवाला पोट्टा शेताच्या हद्दीची केएमएल देते हल्ली. ती पण एक्सएमएलच. केएमझेड असेल तर तीच झिपमध्ये बांधलेली. नकाशावर पाहायची तर मार्बल नावाचा हलका प्रोग्राम आहे, जास्त काम असेल तर क्यूजीआयएस, पण तो जुन्या मशीनला जड जाते.

एडिटरमध्ये उघडली तर कोऑर्डिनेट्सच्या खुणेत स्वल्पविरामानं तोडलेले आकडे दिसतात. इथं क्रम उलटा आहे, नीट पहा. फोनच्या नकाशात आपण आधी अक्षांश टाकतो, म्हणजे यवतमाळ भागात २० च्या पुढचा आकडा, मग ७८ च्या आसपासचा. केएमएलमध्ये आधी रेखांश येते, म्हणजे ७८ आधी, २० नंतर, आणि तिसरा आकडा असला तर उंचीचा. फोनमधून आकडे पाहून हातानं केएमएल बनवली आणि क्रम तसाच ठेवला तर तुमचं कपाशीचं वावर थेट नॉर्वेच्या वर, आर्क्टिकमधल्या स्वालबार्डच्या बर्फात जाऊन बसते. तसं दिसलं तर मोजणीवाल्याला फोन लावायच्या आधी दोन आकड्यांची अदलाबदल करून पहा.